जागा चिठ्ठीवर, रॉड एकच: नौकेवरील गळमासेमारीच्या साहित्यनिवडीचे एक प्रकरण

या प्रकरणातील स्पर्धक किनाऱ्यावरून गळ टाकण्यात मुरलेला होता. नौकेवरच्या स्पर्धांत मात्र तो त्या हंगामात पहिल्यांदाच उतरला होता. हंगामात चार स्पर्धा होत्या. त्यांतील दोन सुमारे १५ मीटर खोलीच्या, वेगवान प्रवाहाच्या पाण्यात आणि दोन ४५ मीटरच्या आसपास खोल पाण्यात होणार होत्या. चारही वेळा नौका नांगरलेली असणार होती. नौका दर वेळी वेगळी, बसण्याची जागा चिठ्ठीने ठरणारी, आणि नियमाप्रमाणे प्रत्येकाचा एका वेळी एकच रॉड पाण्यात. गुण माशांच्या संख्येवर आणि लांबीवर मोजले जात व मासे जिवंत परत सोडले जात. संघाचे साहित्य तपासण्याचे काम माझ्याकडे होते. पहिल्या दोन स्पर्धांत अपयश आल्यावर तो माझ्याकडे आला आणि उरलेल्या दोन्ही स्पर्धांना पुरेल असा एकच रॉड सुचवा, असे त्याने सांगितले. त्याची स्वतःची पसंती ठरलेली होती: शक्य तितका मजबूत, ३० पाउंड वर्गाचा (३० पाउंड ताकदीच्या दोरीसाठी बनवलेला) रॉड, म्हणजे मोठा मासा लागला तरी चिंता नको.

मला ही पसंती पहिल्यापासूनच चुकीच्या टोकाकडून सुरू झालेली वाटली. रॉड कोणता घ्यावा हे मासा किती मोठा येईल यावरून ठरवण्याआधी शिसे (दोरी तळाशी नेणारे वजन) किती वजनाचे लागेल आणि ते नौकेच्या कोणत्या जागेवरून टाकावे लागेल यावरून ठरवायला हवे. मासा दिवसातून काही मिनिटे रॉडवर असतो. शिसे मात्र स्पर्धेचा सारा वेळ त्याच्या टोकाला लटकलेले असते.

आधीच्या दोन स्पर्धांत नेमके काय घडले

पहिल्या स्पर्धेत त्याच्याकडे २.१ मीटर लांबीचा, ताठ बांध्याचा रॉड होता आणि चिठ्ठीत नौकेच्या मधली जागा आली. दिवस उधाणाचा, म्हणजे जोरदार भरती-ओहोटीचा होता. नांगरलेल्या नौकेवर मागच्या कोपऱ्यातल्या स्पर्धकांना सर्वांत सोपे जाते: ते हलके शिसे लावून दोरी प्रवाहाबरोबर मागे सोडत राहतात आणि त्यांच्या वाटेत कोणी नसते. मध्ये आणि नाळेकडे, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाकडे बसलेल्यांची दोरी मात्र तशीच मागे गेली, तर ती मागच्यांच्या दोऱ्यांवर जाऊन पडते. म्हणून तिथे बसणाऱ्यापुढे दोनच मार्ग उरतात. एक म्हणजे सर्वांत जड शिसे लावून दोरी जवळजवळ उभी ठेवायची. दुसरा म्हणजे शिसे प्रवाहाच्या वरच्या अंगाला, नौकेपासून दूर फेकायचे.

त्याने पहिला मार्ग धरला. ओहोटीला जोर चढला तसे २२७ ग्रॅमचे शिसे वाहू लागले, मग ३४० ग्रॅमचे, आणि शेवटी ४५० ग्रॅमचेही जेमतेम टिकत होते. दोनदा शेजाऱ्यांच्या दोऱ्यांशी गुंता झाला आणि तो सोडवण्यात बराच वेळ गेला. शिवाय उथळ पाण्यात नांगराची साखळी, नौकेवर आपटणाऱ्या लाटा आणि माणसांची पावले यांच्या आवाजामुळे मासे नौकेच्या थेट खालून पांगतात. दूर फेकणाऱ्या दोघांना मासे लागत होते. त्याचा गळ नेमका जिथे मासे नव्हते तिथे होता. छोट्या ताठ रॉडने फेकण्याचा प्रयत्न त्याने केला, पण काठाच्या वरून शिसे झुलवण्याइतकी लांबी त्या रॉडला नव्हती आणि टोक इतके कडक होते की आमिष फेकीतच फाटून जात होते.

या अनुभवाने घाबरून दुसऱ्या स्पर्धेसाठी त्याने २.९ मीटर लांबीचा, ११३ ते २२७ ग्रॅम शिसे फेकण्यासाठी बनवलेला रॉड उसना आणला. प्रवाहाच्या वरच्या अंगाला फेकण्यासाठी असा रॉड उत्तमच. पण ही स्पर्धा खोल पाण्यातली होती आणि चिठ्ठीत जागा मागची आली. फेकण्याची गरजच उरली नाही. जाड तंगुसाबरोबर (नायलॉनच्या एकपदरी दोरीबरोबर) ४५० ग्रॅम शिसे लावावे लागले आणि त्या वजनाने रॉडचा वरचा अर्धा भाग सतत वाकलेला राहिला. अशा टोकावर माशाची टोच दिसत नाही, कारण टोकाला आणखी वाकायला जागाच उरलेली नसते. दर वेळी ४५ मीटरवरून शिसे वर खेचताना त्या लांबीने त्याचे मनगट इतके दुखावले की शेवटच्या तासात त्याने आमिष तपासायला दोरी वर घेणेच कमी केले. संख्येवर गुण असलेल्या स्पर्धेत याहून महाग चूक नाही.

शिशाचा हिशोब

रॉडकडे वळण्याआधी आम्ही कागदावर एक ढोबळ गणित मांडले, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणाचा निकाल तिथेच लागला. पाण्यात उभ्या असलेल्या दोरीवर प्रवाहाची जी ओढ बसते, ती दोरीच्या जाडीच्या आणि लांबीच्या पटीत वाढते, पण प्रवाहाच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. भांगाच्या, म्हणजे मंद भरती-ओहोटीच्या दिवशी पुरलेले शिसे उधाणाच्या दिवशी का पुरत नाही याचे हेच कारण. तो वापरत असलेला ३० पाउंडाचा तंगूस सुमारे ०.५५ मिलिमीटर जाड होता. ४५ मीटर खोलीत आणि सेकंदाला अर्ध्या मीटरच्या, म्हणजे जवळपास एक नॉटच्या प्रवाहात त्यावर साधारण ३५५ ग्रॅम वजनाइतकी ओढ येते. त्याच ताकदीची ब्रेडेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेली दोरी ०.२८ मिलिमीटरच्या आसपास भरते आणि तिच्यावरची ओढ १८० ग्रॅमपर्यंत खाली येते. ही सगळी ओढ शिशावर येत नाही, काही भाग रॉडच्या टोकाकडे जातो, आणि तळाशी प्रवाह वरच्यापेक्षा मंद असतो. त्यामुळे हे आकडे तुलनेपुरतेच घ्यायचे. शिवाय शिसे समुद्राच्या पाण्यात आपले सुमारे ९ टक्के वजन गमावते, म्हणजे ४५० ग्रॅमचे शिसे तळाशी ४१० ग्रॅमच्या आसपासच काम करते.

निष्कर्ष असा निघाला की दोरी बदलली तर खोल पाण्यात बहुतेक वेळ ३४० ग्रॅम पुरावेत, आणि उथळ पाण्यात वरच्या अंगाला फेकल्यास १७० ग्रॅम. फेकलेल्या शिशाला एवढे कमी वजन का पुरते, हेही त्याला समजावून सांगावे लागले. शिसे वरच्या अंगाला पडल्यावर दोरी भरपूर सोडली की प्रवाह तिला पोट आणतो. मग शिशावरची ओढ वर न जाता तळाला समांतर होते आणि शिशाला बसवलेल्या तारा वाळूत रुततात. किनाऱ्यावर तारांचे शिसे त्याने नेहमीच वापरले होते, पण नौकेवर दोरी ताणून ठेवण्याची त्याची सवय होती आणि ताणलेली दोरी रुतलेले शिसे उपटून काढते.

आता प्रश्न नेमका झाला: १७० ग्रॅम सहज फेकेल, ३४० ग्रॅम दिवसभर उचलेल, आणि या दोन्ही वजनांवर लहान माशाची टोच दाखवेल असा रॉड.

मजबुतीचा आग्रह

३० पाउंड वर्गाचा आग्रह सोडायला तो सहज तयार झाला नाही, आणि त्याची भीती मला समजत होती. म्हणून आम्ही रिळाचा ड्रॅग (मासा ओढू लागला की दोरी ताणाखाली सोडणारा ब्रेक) आणि साधा तराजू घेऊन बसलो. ड्रॅग सर्वसाधारणपणे दोरीच्या ताकदीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश इतका लावतात. त्याच्या ३० ऐवजी २० पाउंडाची दोरी धरली, तरी ती ताकद म्हणजे ९.०७ किलो, त्याचा चतुर्थांश ते तृतीयांश म्हणजे २.३ ते ३ किलो. आता बुंधा कमरपट्ट्याच्या खोबणीत टेकवून पुढचा हात ०.७ मीटरवर धरला आणि रॉड २.१ मीटरचा सरळ असेल, तर टोकाला ३ किलो ओढ असताना पुढच्या हाताला ९ किलो पेलावे लागतात. रॉडचे स्वतःचे वजन वेगळेच. याहून अधिक ड्रॅग लावून मोठा मासा लढवायचा असेल, तर रॉड मोडण्याआधी माणूसच थकतो. रॉडची वर्गवारी वाढवून माणसाची ताकद वाढत नाही.

यातूनच एक गोष्ट पुढे आली, जी मलाही आकड्यांत पाहिल्याशिवाय इतकी स्पष्ट नव्हती. आम्ही तीन रॉड एकामागून एक मूठ जमिनीला समांतर धरून ३ किलो वजन लावून तपासले. जुना २.१ मीटरचा ताठ रॉड फारसा वाकलाच नाही. त्याचे टोक बुंध्यापासून आडव्या अंतरात २ मीटरवर राहिले आणि हातावर ८.६ किलो आले. उसन्या २.९ मीटरच्या रॉडचे टोक २.३ मीटरवर आले. पुढचा हात ०.८ मीटरवर धरूनही भार तितकाच भरला. मधल्या लांबीचा, २.५५ मीटरचा २० पाउंड वर्गाचा रॉड छान कमानीत वाकला, टोक १.८ मीटरवर आले आणि ०.७५ मीटरवर धरलेल्या हाताला ७.२ किलोच पेलावे लागले. तिघांत लांबीने मधला असलेला रॉड हाताला सर्वांत हलका ठरला, कारण वाकलेला रॉड स्वतःला आखूड करून घेतो. मात्र ही कमान बुंध्यापर्यंत पोहोचायला हवी; केवळ टोकच दुमडत असेल तर तो रॉड कमकुवत आहे, लवचीक नव्हे.

तिसरा रॉड

हा मधला रॉडच पुढे निवडला गेला, पण तपासणी तिथे थांबवली नाही. त्याचा बुंधा निराळा निघत होता आणि टोकाखालचे अंग अखंड होते; जोड मुठीजवळ असल्याने कमानीत खंड पडत नव्हता. बदलून लावता येणारी टोके दोन होती: एक ग्लास फायबरचे भरीव आणि मऊ, दुसरे कार्बनचे आणि ताठ.

दोन टोके म्हणजे विक्रीची क्लृप्ती, असे तो म्हणाला. मला ती या रॉडमधली सर्वांत उपयुक्त गोष्ट वाटली. कार्बनचा धागा ग्लासच्या धाग्याच्या सुमारे तिप्पट ताठ असतो, साधारण २३० गिगापास्कलला ७२, आणि हलकाही असतो. पण तुटण्याआधी तो जेमतेम दीड ते दोन टक्के ताणला जातो, तर ग्लास त्याच्या दुपटीहून अधिक ताणला जातो. म्हणून रॉडचे अंग कार्बनचे असावे आणि ज्या टोकाला दिवसभर नमायचे आहे ते ग्लासचे, ही वाटणी शहाणपणाची आहे. तंगूस स्वतः ताणला जातो आणि नौकेचे हेलकावे पचवतो. ब्रेडेड दोरी जवळजवळ ताणली जातच नाही, त्यामुळे हेलकावा थेट शिशापर्यंत पोहोचतो आणि शिसे तळावरून उचलले जाते. जाड तंगूस काढून ब्रेडेड दोरी घ्यायची ठरवली, तेव्हा तंगुसाचे हे काम कोणीतरी करायला हवे होते. ते मऊ टोक करते.

फेकीची आणि उचलण्याची परीक्षा साधी होती. कड्यांमधून दोरी ओवून १७० ग्रॅम शिसे लटकवले, तेव्हा मऊ टोक नमले आणि त्याखालचे अंग सरळ राहिले; टोच दिसायला जागा शिल्लक होती. ३४० ग्रॅमला मऊ टोक पूर्ण खाली गेले, पण ताठ टोक लावल्यावर वरचा एक तृतीयांशच वाकला. ४५० ग्रॅमला ताठ टोकानेही हार मानली, आणि ही मर्यादा आम्ही वहीत नोंदवून ठेवली.

दोरी ओवूनच रॉड वाकवून पाहावा, असे मी प्रत्येकाला सांगतो. मल्टिप्लायर रीळ रॉडच्या वर बसते आणि कड्याही वरच असतात, त्यामुळे कड्या कमी असतील तर वाकलेल्या रॉडवर दोरी दोन कड्यांच्या मध्ये अंगालाच घासते. आमच्या तपासणीत ३ किलोच्या कमानीत एका ठिकाणी दोरी अंगापासून अगदी थोड्या अंतरावर होती, पण टेकत नव्हती. कड्यांची आतली बाजू कापसाच्या काडीने फिरवून पाहिली. बारीक तडा असेल तर कापसाचे तंतू तिथे अडकतात, आणि ब्रेडेड दोरी अशा तड्यावर काही तासांत कापली जाते.

मापांबाबत मात्र वेळीच लक्ष गेले म्हणून निभावले. ज्या स्पर्धा आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटनेचे, म्हणजे आयजीएफएचे नियम लावतात, तिथे रिळाच्या मध्यापासून टोकापर्यंत रॉड किमान १०१.६ सेंटिमीटर आणि रिळाच्या मध्यापासून बुंध्याच्या शेवटापर्यंत कमाल ६८.५८ सेंटिमीटर असावा लागतो. पहिल्या मापाची अडचण क्वचितच येते. दुसऱ्याची येते, कारण दोन्ही हातांनी फेकण्यासाठी बनवलेल्या रॉडची मूठ लांब असते. उसन्या रॉडवर हे अंतर ७४ सेंटिमीटर भरले; दुसऱ्या स्पर्धेत हा नियम लागू नव्हता, म्हणून तो वाचला. निवडलेल्या रॉडवर ते ६२ सेंटिमीटर होते. ब्रेडेड दोरीला परवानगी आहे का, हेही आयोजकांना आधी विचारून घेतले. गुंता सोडवणे अवघड जात असल्याने काही स्पर्धांत आणि काही नौकांवर ती चालत नाही, आणि आमची सारी निवड तिच्यावर उभी होती.

पाण्यात गेल्यावर

तिसऱ्या स्पर्धेत चिठ्ठीने त्याला थेट नाळेकडची जागा दिली, म्हणजे पहिल्या स्पर्धेहूनही अवघड. पाणी उथळ, प्रवाह जोराचा. त्याने मऊ टोक लावले, १७० ग्रॅमचे तारांचे शिसे बाजूने झुलवून वरच्या अंगाला टाकले आणि दोरीला भरपूर पोट दिले. २.९ मीटरच्या रॉडइतके अंतर मिळाले नाही. पण नौकेच्या सावलीतून आणि शेजाऱ्यांच्या वाटेतून बाहेर पडण्यापुरते मिळाले, आणि तेवढीच गरज होती. अशा पद्धतीत टोच नेहमीसारखी दिसत नाही. मासा आमिष घेऊन वळला की रुतलेले शिसे सुटते, गळ बहुधा आपोआप बसतो आणि नमलेले टोक एकदम सरळ होते. पहिल्या दोन वेळा त्याने सवयीने लगेच झटका मारला आणि मासे गमावले, कारण दोरीत पोट असताना झटका गळापर्यंत पोहोचतच नाही. तिसऱ्यांदा त्याने सैल दोरी आधी गुंडाळून घेतली, वजन जाणवेपर्यंत थांबला आणि मग रॉड उचलला. त्या दिवशी एकही गुंता झाला नाही आणि आपल्या नौकेवर तो दुसरा आला.

चौथी स्पर्धा खोल पाण्यातली आणि जागा मधली. ताठ टोक, ०.२८ मिलिमीटरची ब्रेडेड दोरी, खडकावर घासण्याच्या भीतीने पुढे काही मीटर तंगूस, आणि ३४० ग्रॅम शिसे. अर्ध्या ओहोटीपर्यंत सारे हिशोबाप्रमाणे चालले आणि लहान माशांच्या टोचाही टोकावर वाचता येत होत्या. पुढे प्रवाह दीड नॉटच्या वर गेला तेव्हा आमच्या गणितानुसार दोरीवरची ओढ ४०० ग्रॅमच्या पुढे गेली, आणि ३४० ग्रॅम टिकले नाही. त्याने ४५० लावले. टोक खाली गेले ते वर आलेच नाही; जवळपास तासभर तो दोरी बोटांमध्ये धरून टोच चाचपत होता. त्या तासात जुना २.१ मीटरचा रॉड याहून सरस ठरला असता, हे मान्य करायला हवे. पण उरलेल्या वेळात तो मागे पडला असता, आणि तिसऱ्या स्पर्धेत तर निरुपयोगीच होता.

त्याच तासात एक मोठा पाकट लागला आणि तळाला चिकटून बसला. इथे त्याची जुनी भीती परत आली: रॉड सरळ उभा करून तो खेचू लागला. रॉड उभा केला की कमान बुंध्याकडून निघून टोकाच्या बारीक भागावर एकवटते आणि सारा भार तिथेच येतो. चांगल्या रॉडचे तुकडे बहुतेक असेच होतात, आणि तेही मासा काठाशी आल्यावर. नौकेच्या तांडेलांनी ओरडून त्याला रॉड खाली घ्यायला लावले. आडव्याहून थोडा वर धरलेला रॉड, तीन किलोचा ड्रॅग आणि धीर यांवर तो पाकट बऱ्याच वेळाने तळापासून सुटला व वर आला. ३० पाउंडाच्या रॉडने वेळ थोडा वाचला असता, असे मला वाटते. पण तेवढ्या वेळेसाठी हंगामभर त्या ताठ टोकाशी झगडण्याचा सौदा मी कधीच केला नसता. नंतर शिसे खडकात अडकले तेव्हा मात्र त्याने रॉडला हात लावला नाही. दोरी लाकडी दांड्यावर गुंडाळून हाताने ताणून तोडली.

हंगाम संपल्यावर रॉड पुन्हा माझ्याकडे तपासणीला आला. गोड्या पाण्याने तो नीट धुतलेला होता आणि अंगावर शिसे आपटल्याचा ओरखडा नव्हता. कार्बनच्या रॉडवर असा ओरखडा महिन्यांनी मोड बनून समोर येतो, म्हणून तो मी सर्वांत आधी शोधतो. ताठ टोकाच्या वरून तिसऱ्या कडीत मात्र कापसाचे तंतू अडकले. कडी बदलली. रॉडच्या मुठीवर त्याने स्वतः एक बारीक पट्टी चिकटवून त्यावर लिहिले होते: मऊ टोक २२५ ग्रॅमपर्यंत, ताठ ३४०, त्यापुढे २.१ मीटरचा रॉड. पुढच्या हंगामासाठी त्याने तो जुना रॉड राखीव म्हणून कापडी पिशवीत वेगळा ठेवला आहे.